उतरवलेली गाडी आणि 'मूळ' संहिता

पाठचिकित्सा हा विषय आपल्याकडे एम. ए.च्या वर्गात बहुधा घाईने उरकला जातो. हस्तलिखिते, पाठभेद, प्रक्षेप, सिद्ध संहिता अशा चार संज्ञा पाठ झाल्या की परीक्षेपुरते काम भागते. या विषयाच्या पोटातला खरा प्रश्न मात्र परीक्षेच्या पलीकडे राहून जातो. काळाच्या ओघात बदलत गेलेल्या कृतीचे 'मूळ' रूप कोणते मानायचे, ते कोणी ठरवायचे आणि त्या निर्णयाची जबाबदारी कोणी घ्यायची? हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर मांडताना मला अलीकडे एक अगदी वेगळे क्षेत्र उपयोगी वाटू लागले आहे. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे मालक आपल्या गाडीचा पुढचा भाग घरच्या गॅरेजमध्ये खाली उतरवतात, त्या कृतीचे. आपल्या अभिरुचीला हे उदाहरण परके वाटेल. तरीही ते थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. त्यासाठी एकच गाडी घेऊ: ब्रिटनची एमजीबी.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९८० पर्यंत तयार होत राहिली. उघड्या टपाची, साध्या बांधणीची, बुटकी आणि रस्त्याला बिलगून धावणारी ही गाडी. तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता अमेरिका. सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने मोटारींच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. ताशी ५ मैलांच्या टकरीत दिव्यांसारखे महत्त्वाचे भाग निकामी होता कामा नयेत, अशी बंपरांची कसोटी आली. बंपर आणि दिवे जमिनीपासून किती उंच असावेत, यावरही बंधने आली. एमजीबी या मापात बसेना. ब्रिटिश लेलँड ही तिची मालक कंपनी तेव्हा आर्थिक ओढाताणीत होती. पुढचा भाग नव्याने आखण्याऐवजी तिने सोपा मार्ग काढला. १९७४ च्या उत्तरार्धात चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन जाड काळे बंपर आले आणि सबंध गाडीच एक ते दीड इंच उचलली गेली.

अंग तेच राहिले, पण उभे राहण्याची ढब बदलली. वजन वाढले, गुरुत्वमध्य वर गेला आणि वळणावर गाडी अधिक झुकू लागली. वळणावरचा हा झोक आवरणारी एक पोलादी दांडी पुढच्या बाजूला असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. १९७५ च्या मॉडेलमध्ये खर्च वाचवण्यासाठी तीही नेहमीच्या साहित्यातून वगळली गेली. पुढे १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे अशा दोन्हीकडे दांड्या आल्या तेव्हा कुठे तोल थोडासा सावरला. यात आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, बदल अमेरिकी कायद्यासाठी झाला, पण ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांनाही तो लागू झाला. एका प्रांतातील वाचकांसाठी केलेली दुरुस्ती सगळ्याच आवृत्त्यांत छापली जावी, तसे हे झाले. आणि १९८२ मध्ये अमेरिकेने बंपरची ती कसोटी ताशी २.५ मैलांवर आणली, तेव्हा एमजीबीचे उत्पादन थांबून दोन वर्षे लोटली होती.

या उंचावलेल्या गाड्यांचे अनेक मालक गेली कित्येक वर्षे त्या घरीच खाली उतरवत आले आहेत. 'आम्ही गाडीला तिचे मूळ रूप परत देतो,' अशी त्यांची भूमिका असते. ती तपासण्याआधी हे काम असते तरी कसे, ते पाहू.

एमजीबीच्या पुढच्या प्रत्येक चाकापाशी एक गुंडाळीची स्प्रिंग असते. तिचे खालचे टोक विशबोन नावाच्या दुहेरी भुजेवरील तबकात टेकते आणि वरचे टोक आडव्या पोलादी तुळईत शिरते. वरच्या बाजूला निराळी भुजा नाही; तुळईवर बसवलेल्या तेलाच्या शॉक ॲब्सॉर्बरची भुजाच ते काम करते. उंची कमी करण्याचा रूढ मार्ग म्हणजे या स्प्रिंगच्या जागी आखूड स्प्रिंग बसवणे. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवायचे. मग पुढचा भाग उचलून त्याचा भार भक्कम पोलादी घोड्यांवर द्यायचा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. चाक काढायचे, ब्रेकचा कॅलिपर सोडवून त्याच्या नळीला ताण पडणार नाही असा बांधून ठेवायचा. दुसरा जॅक स्प्रिंगच्या तबकाखाली घट्ट टेकवल्यावरच शॉक ॲब्सॉर्बरच्या भुजेशी असलेला वरचा बोल्ट सोडवायचा, आणि जॅक अगदी सावकाश खाली घ्यायचा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये गाडीचा भार पेलणारी शक्ती साठलेली असते. ती हळूहळू मोकळी झाली तर स्प्रिंग हाताने उचलता येते. जॅक निसटला तर तीच स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते.

नवी स्प्रिंग बसली म्हणजे काम संपले, असेही नाही. स्प्रिंग भुजेच्या मधल्या भागावर टेकत असल्यामुळे तिच्या लांबीतला लहानसा फरक चाकाशी बराच मोठा होतो. भुजांचे कोन बदलतात आणि त्यांच्याबरोबर चाकांचा कलही. खड्ड्यात चाकाला वर जायला पूर्वीइतका वाव राहत नाही. रबरी अडणी लवकर आपटतात. दिव्यांचा झोत खाली येतो. म्हणून गाडी जमिनीवर आल्यावर ती थोडी पुढेमागे हलवून बसू द्यायची, पुन्हा मोजायची, चाकांची दिशा तपासून घ्यायची, दिवे नव्याने लावून घ्यायचे. एका ठिकाणचा बदल तेवढ्याच ठिकाणी थांबत नाही. संहितेतील एक शब्द बदलला की छंद, अन्वय आणि पुढच्या ओळीतला संदर्भही हलतो, हे आपण वर्गात सांगतो. इथे तेच पाना हातात घेऊन शिकायला मिळते.

आता 'मूळ रूपा'च्या दाव्याकडे वळू. एमजीबीचे मूळ रूप कोणते? १९६२ चे म्हणावे, तर १९६४ मध्येच तिच्या इंजिनातील क्रँकशाफ्टचे आधार तीनाचे पाच झाले होते आणि १९६७ मध्ये गिअरबॉक्स बदलला होता. क्रोम बंपरची गाडीही कधी एकच नव्हती. उलट, निर्मात्याने स्वतः मान्य केलेले शेवटचे रूप प्रमाण धरायचे ठरवले, तर उंचावलेली गाडीच अधिकृत ठरते. कारण ती ॲबिंग्डनमधूनच बाहेर पडली. इंग्रजी पाठचिकित्सेत हा वाद जुना आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास आधारप्रतीविषयी जी मांडणी केली, तिच्या वारसांनी लेखकाचा अंतिम हेतू हा निकष प्रतिष्ठेला नेला. जेरोम मॅक्गान यांनी १९८३ मध्ये त्याला छेद दिला. संहिता एकट्या लेखकाच्या मनात घडत नाही. प्रकाशक, मुद्रक, कायदा आणि बाजार हे सारे तिचे घडवणारे असतात, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. या दृष्टीने पाहिले तर काळ्या बंपरची, उंच झालेली एमजीबी ही 'बिघडलेली' प्रत ठरत नाही. अमेरिकी कायदा, ब्रिटिश कंपनीची चणचण आणि समुद्रापलीकडची बाजारपेठ यांनी मिळून लिहिलेला तो एक अस्सल पाठ आहे.

म्हणूनच १९७८ ची गाडी घेऊन, तिचे काळे बंपर तसेच ठेवून, आखूड स्प्रिंगांनी पुढचा भाग खाली उतरवणारा मालक मूळ प्रत सिद्ध करत नसतो. अशी गाडी ॲबिंग्डनमधून कधी बाहेर पडलीच नव्हती. तो एक नवी, संमिश्र आवृत्ती तयार करत असतो. माझा आक्षेप त्या आवृत्तीला नाही. ती पहिलीपेक्षा वळणावर अधिक शहाणी असू शकते. आक्षेप आहे तो तिला 'मूळ' म्हणण्याला.

या बाबतीत आपल्यापाशी पुण्याचाच एक थोर दाखला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. आदिपर्वाला जोडलेल्या १९३३ च्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केले की, सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येते, तिथवरचे ते रूप आहे. आणि वगळलेले श्लोक त्यांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे दिले. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याला तो उलटवता येईल, एवढी सामग्री त्याच पानावर ठेवली.

गाडी उतरवण्यातही हाच विवेक लागू पडतो. काढलेल्या स्प्रिंगा चिठ्ठी लावून जपून ठेवायच्या. कोणत्या लांबीची स्प्रिंग काढली, कोणती बसवली, आधीची आणि नंतरची उंची किती, हे वहीत लिहायचे आणि ती वही गाडीबरोबर ठेवायची. याच्या नेमका उलट मार्गही आहे: ग्राइंडरने जुन्या स्प्रिंगचाच एखादा वेढा कापून टाकायचा. तो स्वस्त आहे, आणि वाईट आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग अधिक ताठ होते. टोकाचा वेढा ज्या बैठकीसाठी घडवलेला असतो ती बैठक बिघडते. आणि कापलेला तुकडा परत जोडता येत नाही. पूर्वीचा पाठ नष्ट करून त्याच जागी आपला पाठ लिहिण्याचाच हा प्रकार.

यावर एक उत्तर अपेक्षित आहे. गाडी म्हणजे काही महाभारत नव्हे. ज्याची गाडी त्याची मर्जी. मालकाला ती अशी शोभते, असे चालवताना सुख होते, मग नोंदी कशाला? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. गाडी विकली जाते. पुढचा मालक छापील दुरुस्ती-पुस्तिका उघडून, तिच्यावर विश्वास ठेवून त्याच गाडीखाली आडवा होतो. पुस्तिकेत जी स्प्रिंग आहे ती आत नाही, आणि हे त्याला सांगणारे कोणी नाही. त्या अज्ञात वाचकाच्या छातीपासून हातभर अंतरावर ती दबलेली स्प्रिंग असते. संपादकाची जबाबदारी पुढच्या वाचकाशी असते, हे वाक्य आपण उत्तरपत्रिकेत सहज लिहितो. त्याचा अर्थ इथे शब्दशः कळतो.

आणि आपण तरी या कसोटीला उतरतो का? मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी गेले. नव्या लेखनासाठी ते योग्यच झाले. परंतु त्यापूर्वीची पुस्तके पुन्हा छापताना 'तीं' या नपुंसकलिंगी अनेकवचनाचे 'ती' केले, की ते स्त्रीलिंगी एकवचनासारखे दिसू लागते. 'केलीं'चे 'केली' केले, की कर्म एक की अनेक हे संदर्भावरून ओळखावे लागते. वाचकाच्या सोयीसाठी असा बदल करायला हरकत नाही. मात्र अनेक पुनर्मुद्रणांत तो कुठेही न सांगता केलेला आढळतो. प्रस्तावनेत एक परिच्छेद नाही, शेवटी एक टीप नाही. आणि मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, संपादकाचे नसते. आपले विद्यार्थी अशा प्रतींवरून शैलीविचाराचे प्रबंध लिहितात, आणि आपण ते तपासतो.

उंची उतरवावी की नाही, हा रुचीचा प्रश्न आहे. त्यात मतभेद राहणारच. पण उतरवली असेल तर किती, का आणि काय काढून, हे लिहून ठेवणे हा रुचीचा प्रश्न नाही. एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षांत निदान एका जुन्या पुस्तकाची दहा पाने प्रथमावृत्तीशी ताडून पाहावीत आणि सापडलेल्या बदलांची यादी करावी, एवढे आपण अभ्यासक्रमात घालू शकतो. त्याला लागते एक पेन्सिल, दोन प्रती आणि थोडा धीर. यादी हातात आल्यावर कोणता पाठ पसंत करायचा ते ज्याने त्याने ठरवावे.