कर्जाचे दिवे घेण्याआधी घरातला उजेड पाहा

चांदवडसारख्या गावात फोटोग्राफीच्या धंद्यात उतरणारा तरुण प्रथम भांडवलाच्या मागे लागतो. फ्लॅश, छत्र्या, स्टँड उधारीवर आणतो आणि गिऱ्हाईक येण्याआधीच हप्ता दारात उभा राहतो. लग्नसमारंभासाठी फ्लॅश लागतो हे खरे. पण घरी बसून एका माणसाचा फोटो काढायला एवढ्या खर्चाची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या वाड्याची ओसरी असेल तर चौकातून येणारा मऊ उजेड फुकटच मिळतो. ओसरी नसेल तर ऊन थेट आत न येणारी खिडकी पुरते. गिऱ्हाइकाला खिडकीजवळ जरा तिरपे बसवावे आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करावा. गालावरची काळी सावली निवळते. मागे एकरंगी चादर लावली की झाले.

रात्रीसाठी एलईडी बल्ब आहेत. उजाला योजनेतील या बल्बची सरकारी खरेदीची किंमत २०१४ साली ३१० रुपये होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. बाजारातले भावही तेव्हापासून उतरले. दोन-तीन बल्ब एकत्र लावून पुढे पांढरे मलमल ताणावे. कापड बल्बला टेकू देऊ नये. दिवा जवळ ठेवावा, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड जवळजवळ चौथाई उरतो. पिवळा आणि पांढरा बल्ब एकत्र लावू नये. खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत. चेहऱ्याचा आणि कपड्याचा रंग खरा उतरतो.

घरच्या स्टुडिओचा आणखी एक फायदा आहे. अनेक भगिनींना दुकानात परक्या पुरुषासमोर बसणे अवघड वाटते. राजा दीनदयाळ यांनी हे ओळखून १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका स्त्रीच्या हाती दिला. आपल्या घरातील मुलीही हे काम शिकू शकतात.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही पैसे देऊन फोटो काढून घ्यायला लोक येतात, ते उजेड जाणणाऱ्याकडे येतात. आमच्या तरुण बांधवांनी आधी महिनाभर घरच्यांचेच फोटो काढून हात बसवावा. महागडा दिवा घ्यायचाच असेल, तर तो धंद्याच्या कमाईतून घ्यावा.