दुर्बीण डोळ्यांच्या मापाची

पाऊस ओसरला की पुणेकरांच्या गाड्या मुळशीकडे वळतात. धरणाच्या जलाशयाकाठी किंवा ताम्हिणीच्या दाट झाडीत पक्षी पाहणाऱ्यांचा घोळका थांबतो आणि एकच दुर्बीण हातोहात फिरते. कुणी लगेच ‘दिसला!’ म्हणून ओरडतो. चष्मा लावलेल्या काकांना मधोमध नाण्याएवढेच चित्र दिसते. शाळकरी मुलीला दोन वेगळी वर्तुळे आणि कडेने काळोख दिसतो. ‘मला काही जमत नाही’ म्हणत दोघेही दुर्बीण पुढे देतात. दोष बहुधा त्यांच्या नजरेचा नसतो. ती दुर्बीण त्यांच्या मापाची नसते किंवा त्यांच्यासाठी जुळवलेली नसते.

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती पट मोठे दिसते?’ हा प्रश्न अपुरा आहे. दुर्बिणीवरच्या ८×४२ या आकड्यांपैकी ८ म्हणजे पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीत तो केवळ अडीच मिलिमीटर भरतो. लख्ख उन्हात तो पुरतो. पण सकाळच्या धुक्यात किंवा गर्द सावलीत बाहुली मोठी होते आणि हा झोत अपुरा पडून चित्र अंधूक दिसते. शिवाय पट वाढले की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि दिसणारा परिसर आक्रसतो. म्हणून नवख्याला दहापेक्षा आठ पटच अधिक सुखाचे.

दुसरे माप दोन बाहुल्यांमधील अंतराचे. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, मुलांमध्ये त्याहून कमी. मधल्या बिजागरीवर दुर्बीण पुरेशी मिटत नसेल, तर दोन वर्तुळांचे एक होत नाही. तिसरे माप चष्मेवाल्यांसाठी: डोळा भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते? हे अंतर किमान १५ मिलिमीटर हवे आणि चष्मा असताना डोळ्यांकडच्या रबरी कड्या खाली दाबून घ्यायला हव्यात. साधा नंबर असेल तर चष्मा काढूनही बहुधा फोकस जुळतो. सिलिंडरचा नंबर मात्र दुर्बीण भरून काढत नाही.

अनेकांच्या दोन्ही डोळ्यांच्या नंबरात फरक असतो. त्यासाठी बहुतेक दुर्बिणींना उजव्या डोळ्याकडे एक फिरते कडे असते. उजवे पुढचे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करावी. मग डावे झाकून तीच पाटी या कड्याने उजव्या डोळ्याला स्पष्ट करावी. एवढे दोन मिनिटांचे काम न केल्याने कित्येकांचे डोळे शिणतात. दुर्बीण आपटून दोन नळ्यांची दिशा बिघडली असेल, तर दोन चित्रे एक करण्यासाठी डोळ्यांच्या स्नायूंना ताण पडतो आणि डोके दुखते. पाऊण किलोचे ओझे तासन्‌तास मानेवर घेणेही बरे नव्हे; खांद्यांवर भार घेणारा पट्टा स्वस्तात सुटका करतो.

तेव्हा दुर्बीण हातात घेतल्याशिवाय विकत घेऊ नये. दुकानदाराने ती गिऱ्हाइकाला दाराबाहेर नेऊन दहा मिनिटे पाहू द्यावी. ऑनलाइन घेताना परत करण्याची सोय तपासावी. सहली नेणाऱ्या संस्थांनी दोन-तीन मापांच्या दुर्बिणी बाळगाव्यात आणि सूर्याकडे कधीही न पाहण्याच्या सूचनेबरोबरच ती जुळवायची कशी, हेही मुलांना शिकवावे. पहिल्याच सहलीत ‘आपल्याला दिसत नाही’ अशी समजूत झालेले मूल पुन्हा जंगलाकडे वळेलच असे नाही.

मात्र चांगली दुर्बीण नीट जुळवूनही एका डोळ्याला धूसर दिसत राहिले, तर दुसरी दुर्बीण शोधत बसू नये. वाढलेला नंबर, मोतीबिंदू किंवा मुलांमधला आळशी डोळा अशा वेळी लक्षात येऊ शकतो. दुकानाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.