इन्सुलिनला नाही म्हणण्याआधी

वस्तीत कुणाला शुगर आहे हे सगळ्यांना माहीत असते. कार्यक्रमात बिनसाखरेचा चहा मागितला की कळतेच. पण कुणाला इन्सुलिन चालू झाले, हे मात्र घरातच दाबून ठेवले जाते. गल्लीत चर्चा नको, मुलीच्या स्थळाला अडचण नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी कपाटात ठेवून आणखी सहा महिने गोळ्यांवर, नाहीतर कुणीतरी सांगितलेल्या पावडरीवर काढणारी माणसे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

या भीतीला नुसते अडाणीपण म्हणून हिणवणे आम्हाला मान्य नाही. लोकांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिलेले असते. अमक्या काकांना इन्सुलिन लागले आणि वर्षभरात पाय कापावा लागला. तमक्या मावशींना लागले आणि त्या डायलिसिसवर गेल्या. पाहिलेले खरे आहे, लावलेला अर्थ चुकीचा आहे. दहा-दहा वर्षे शुगर वाढलेली राहिल्याने पायाच्या नसा, किडनी, डोळ्याचा पडदा हे आधीच खराब होत आले होते. इन्सुलिन आले ते सर्वांत शेवटी. बंब उशिरा आला म्हणून आग बंबाने लावली, असे आपण म्हणत नाही.

यात डॉक्टरांचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. "पथ्य पाळले नाही तर इंजेक्शन लावीन," असा दम देणारे डॉक्टर आपण सर्वांनी ऐकले आहेत. ज्या औषधाची वर्षानुवर्षे शिक्षा म्हणून धमकी दिली, ते एके दिवशी उपचार म्हणून हातात दिले तर पेशंट ते आनंदाने कसे घेणार? त्याला वाटते, आपण गुन्हेगार ठरलो. खरे तर मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाची ताकद वर्षागणिक कमीच होत जाते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात दिसले की निदान होते तेव्हाच जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते. पथ्य नीट पाळणाऱ्यालाही पुढे गोळ्या कमी पडू शकतात. शरीरात जे कमी पडले ते बाहेरून भरायचे, एवढाच त्याचा अर्थ.

"एकदा लागले की सुटत नाही," हे दुसरे पालुपद. ऑपरेशनच्या वेळी, गरोदरपणात किंवा मोठे इन्फेक्शन झाल्यावर दिलेले इन्सुलिन पुष्कळदा नंतर बंद होते. काहींना कायमचे लागते, हेही खरे. पण बीपीची गोळीही रोजचीच असते, तिला कुणी व्यसन म्हणत नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे बहुतेकांना ठाऊक आहे. ते इन्सुलिन घेत होते, हे फार थोड्यांना. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू होते त्या काळात त्यांना झोप लागत नव्हती, पायांत असह्य वेदना होत्या आणि ते इन्सुलिनवर होते. १५ एप्रिल १९४८ रोजी लग्न झाल्यावर स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या औषध-पथ्याची जबाबदारी घेतली. हिंदू कोड बिल, १९५१ चा राजीनामा, १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा हे सगळे मधुमेह सोबत घेऊनच झाले. त्यांचा फोटो भिंतीवर आणि डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात, हे आम्हाला पटत नाही.

अडचणी खऱ्या आहेत, त्यांवर बोलायला हवे. फ्रिज नाही? न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच लागतात, त्या शेजारी ठेवता येतील. चालू बाटली मात्र पाण्याच्या मडक्याशेजारी, सावलीत थंड जागी साधारण चार आठवडे चालते. बर्फात कधीच ठेवू नये. सकाळी पाचला झाडू घेऊन निघणाऱ्या आणि दहाला पहिला घास खाणाऱ्या बाईने तर डॉक्टरांना ही वेळ सांगितलीच पाहिजे, कारण इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले की शुगर खाली जाते. घाम, थरथर, कासावीस भूक जाणवली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. आणखी एक: आपल्याकडे बाटली बहुधा ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची ४० चीच सिरिंज हवी. १०० ची वापरली की डोसचा घोळ होतो. डोस स्वतःच्या मनाने वाढवू, कमी करू किंवा बंद करू नये, शेजारणीच्या सांगण्यावरून तर नाहीच.

सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत इन्सुलिन मोफत मिळायला हवे. कधी मिळते, कधी "स्टॉक नाही" ऐकून परतावे लागते. अशा वेळी एकट्याने भांडण्यापेक्षा मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढावा, अशी आमची सूचना आहे. भाषण नको. वर्षानुवर्षे स्वतः टोचून घेणाऱ्या एखाद्या ताईंनी पोटाची चिमूट धरून सुई कशी लावायची ते सर्वांसमोर दाखवावे. ज्यांच्या कपाटात चिठ्ठी पडून आहे, त्यांनी ती सोबत घेऊन यावी.