फजरनंतरचा तास

उन्हाळ्यात फजरला उठणं ही परीक्षाच असते. मे महिन्यात साडेचारच्या सुमारास अजान होते आणि पावणेसहाला सूर्य वर आलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र अल्लाहने आपल्याला सवलत दिलेली आहे. आमच्या मराठवाड्यात या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो. सहाला उठलं तरी वुजू, नमाज, थोडी तिलावत निवांत होते. रात्र मोठी, म्हणून झोप पुरते आणि ज्याला हवी त्याला तहज्जुदही मिळते. दिवस जेमतेम अकरा तासांचा, म्हणून नफिल रोजाही जड जात नाही. बुजुर्गांनी हिवाळ्याला मोमिनचा वसंत म्हटलं ते उगाच नाही.

पण या वसंतातला एक तास बहुतेक घरांत फुकट जातो. तो म्हणजे फजरनंतरचा. मुलं पुन्हा रजईत शिरतात आणि रजईत मोबाइल असतो. अब्बू नाक्यावर चहाला जातात. अम्मी डबे आणि रोट्यांच्या मागे लागते. त्याच वेळी घरापासून अर्ध्या-एक किलोमीटरवर, गावच्या तलावावर किंवा ज्वारीच्या शेतात असं काही चाललेलं असतं, की जे पाहायला लोक पैसे खर्च करून लांबून येतात. आपल्याला ते फुकट आहे, तरी आपण जात नाही.

गेल्या हिवाळ्यात पाचवीच्या वर्गात हजरत सुलैमान (अ.) आणि हुदहुदची गोष्ट निघाली. सूरह नम्लमधली ही गोष्ट मुलांना मकतबपासून पाठ होती. सबाच्या राणीची खबर कुणी आणली, राणीकडे पत्र कुणी पोहोचवलं, सगळी उत्तरं भराभर आली. मग मी विचारलं, ‘‘हुदहुद कुणी पाहिलाय?’’ एकही हात वर आला नाही. मागच्या बाकावरून एकाने उलट मलाच विचारलं, ‘‘टीचर, हुदहुद अब भी रहता क्या?’’

त्या मुलाला हुदहुद जुन्या जमान्यातला, आता उरला नसलेला पक्षी वाटत होता. खरं म्हणजे तो आपल्या अंगणात येतो. तांबूस बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब किंचित वाकलेली चोच आणि डोक्यावर पंख्यासारखा उघडणारा तुरा. मोकळ्या मैदानात तो तुरुतुरु चालतो आणि माती टोचून किडे काढतो. पुष्कळ लोक त्याला सुतारपक्षी समजतात. पण सुतारपक्षी झाडाच्या खोडावर ठोकत बसतो आणि हुदहुद जमिनीवर वावरतो. चार दिवसांनी शाळा भरण्याआधी मैदानाच्या कडेला मुलांनी तो पाहिला. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. कुरआनात वाचलेला पक्षी आपल्याच गल्लीतला निघाला, याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर काय असतो ते पाहायलाच हवं.

उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुलांना तर या खेळात दुप्पट मजा आहे. तलावाच्या काठावर शेपटी वरखाली हलवत पळणारा चिमुकला पक्षी उर्दूत ममोला, मराठीत धोबी किंवा परीट. तारेवर बसणारा, उडाला की निळाभोर दिसणारा तो उर्दूत नीलकंठ, मराठीत नीलपंख. उर्दूतली कूंज ती आपला कांड्या करकोचा. मुलांना वहीच्या एका पानावर दोन रकाने आखून द्या आणि दोन्ही भाषांतली नावं लिहायला सांगा. दादी-नानींना विचारा. त्यांना जी नावं ठाऊक असतात ती पुस्तकातही सापडत नाहीत.

यातले कितीतरी पक्षी हिवाळ्यापुरते पाहुणे आहेत. धोबी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. त्याचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढंही नाही. ज्वारीवर ढगासारख्या उतरणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्या मध्य आशियातून येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. पैठणच्या नाथसागरावर, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ हे पाहुणे हिवाळाभर दिसतात. नाथसागराला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. पण सुरुवातीला इतक्या लांब जायची गरज नाही. गावचा पाझर तलावही पुरतो. दुर्बीण नसली तरी चालतं. घ्यायचीच झाली तर आठ बाय चाळीसची साधी दुर्बीण घरातल्या सगळ्यांना मिळून एक पुरे.

कुणी म्हणेल, हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत, मुस्लिम घराला याचं काय? त्यांनी अबू उमैरची हदीस आठवावी. हजरत अनस (र.) यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक लहानसा पक्षी होता आणि तो त्याच्याशी खेळायचा. तो पक्षी मेला आणि पोरगं उदास झालं. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी येत तेव्हा त्या लहानग्याला लाडाने हाक मारून त्याच्या पक्ष्याची विचारपूस करत. सगळ्या उम्मतची चिंता ज्यांच्या डोक्यावर होती, त्यांना एका पोराच्या पक्ष्याची चौकशी करायला वेळ होता. आपल्याला नाही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि अशी विचारपूस कुठवर नेते याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एकदा चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही खायला चालेल का, असा प्रश्न पोराला पडला आणि तो पक्षी घेऊन मामाकडे गेला. मामांनी ‘फेकून दे’ म्हटलं नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढे त्याच मुलाने १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं ते पुस्तक लिहिलं, जे आजही पक्षी पाहणाऱ्यांच्या पिशवीत असतं. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख सलीम अलींच्या. एका मामाने प्रश्न ऐकून घेतला नसता तर हे काहीच झालं नसतं.

तेव्हा फजरनंतर मुलांना घेऊन निघा. आणि निघायचंच तर सायकलवर निघा. थंडीत सायकल चालवण्यासारखं सुख नाही. पहिली पाच मिनिटं कान गारठतात, बोटं बधिर होतात, मग अंगात ऊब येते आणि स्वेटर काढावासा वाटतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी, हरभरा, गहू, कुठे गुऱ्हाळाचा वास. गाडीतून जाताना यातलं काही कळत नाही, पायी चालताना लवकर दमायला होतं. सायकलचा वेग या गोष्टींसाठी नेमका आहे.

इथे मला घराघरांतल्या एका सायकलीबद्दल बोलायचं आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत येण्यासाठी सायकल मिळते. काही घरांनी पैसे साठवून मुलीला सायकल घेऊन दिलेली असते. सातवी-आठवीपर्यंत ती मुलगी सायकल चालवते. नववीत गेली की सायकल हळूहळू भावाकडे जाते. कुणी रागावत नाही, कुणी मनाई करत नाही. नुसतं ‘आता मोठी झालीस’ एवढंच म्हटलं जातं. सीटची उंची भावाच्या पायाला जुळवून घेतली जाते आणि विषय संपतो. शाळेच्या दारात उभं राहून हे मी दरवर्षी पाहते.

आईवडिलांची काळजी खोटी नाही. रस्त्यावर टवाळखोर असतात, कुत्री असतात. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेच्या धुक्यात मागचा दिवा न लावता चाललेल्या असतात. पण या काळजीवर सायकल काढून घेणं हा एकच इलाज आहे का? चार मुलींनी मिळून जावं. रविवारी अब्बूंनी किंवा मामूंनी सोबत आपली सायकल काढावी. मोठा रस्ता टाळून पांदीचा, शेतातला रस्ता धरावा. पूर्ण उजाडल्यावर निघावं. सायकलला मागे लाल चमकपट्टी आणि पुढे दिवा लावावा. ओढणी पिन करून घ्यावी, बुरखा किंवा सलवार साखळीत अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवून घ्यावं. दुकानदार ते शंभर-दोनशेत बसवून देतो. मुलगी पर्द्यात राहूनही सायकल चालवू शकते. अडचण चेनकव्हरची असते आणि नाव आपण हयाचं घेतो.

प्रेषित (स.) यांनी प्रवासात माता आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढे कधीतरी प्रेषित (स.) जिंकले आणि त्यांनी हसून त्या हारीची फिट्टंफाट झाल्याचं सांगितलं. ही हदीस आपण पतिपत्नीच्या प्रेमाची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यात एक बाई मोकळ्या हवेत धावते आहे, हेही आपल्या मुलींना सांगायला हवं.

आता अम्मीकडे येऊ. हिवाळी सुट्टीत घरातले पुरुष मित्रांबरोबर फिरायला जातात. बायकांच्या वाट्याला लग्नं येतात. कपडे, आहेर, पाहुणे, दमून परत. याला आपण सुट्टी म्हणतो. कुटुंब मिळून पिकनिकला निघालं तरी अम्मी आदल्या रात्री बारापर्यंत बिर्याणीचं मीठमसाला करत असते, तिथे पोहोचल्यावर वाढत असते आणि परत आल्यावर पातेली घासत असते. तिने नाथसागर पाहिलाच नाही, नुसता तिथे स्वयंपाक वाढला.

यावर सोपा उपाय म्हणजे हुरडा. जानेवारीत कुणा नातेवाइकाच्या शेतावर जा. शेणकुटांची आगटी पुरुषांनी पेटवावी, कणसं मुलांनी आणावीत. भाजलेली कणसं हातावर चोळून गरमागरम दाणे फुंकून खायचे असतात, त्याला ताटवाटी लागत नाही. सोबत लसणाची चटणी, गूळ, बोरं, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. बाई यात एक दिवस पाहुणी होऊ शकते. जोहर शेतातच जमातीने पढावी. चादर अंथरली की झालं.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या दादा-दादींना मोफत. आपल्या शहरापासून पैठण पन्नास किलोमीटर. सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत पक्षी पाहून, धरणाच्या वाऱ्यात चहा पिऊन परत येता येतं.

जाताना थोडा अदब सोबत ठेवा. गलोल घरी राहू द्या. घरट्याजवळ जाऊ नका. पिल्लं उचलल्यामुळे कासावीस झालेल्या पक्षिणीला तिची पिल्लं परत द्यायला प्रेषित (स.) यांनी सांगितलं होतं, हे मुलांना त्या जागीच सांगा. तलावाकाठी मोबाइलवर गाणी लावू नका, प्लास्टिक परत आणा. आणि कुणाच्या घरी पिंजऱ्यात मिठ्ठू असेल तर हेही लक्षात घ्या, की आपल्याकडचा जंगली पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्याला एकदम उडवून देऊ नका, तो उपाशी मरेल. वनविभागाला कळवा.

फेब्रुवारीच्या अखेरीला दाणे टणक होतात आणि हुरडा संपतो. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू होतात. मार्चमध्ये पट्टकादंब परतीला लागतात आणि ऊन चढू लागतं. म्हणजे हातात आठ-दहा रविवार आहेत. त्यातला निदान एक असा काढा, की घरातल्या मुलीने सायकल चालवली असेल आणि तिच्या आईने काहीही न रांधता, काहीही न वाढता, तलावाच्या काठावर बसून सूर्य वर येताना पाहिला असेल. रोट्या त्या दिवशी अब्बू लाटतील. वाकड्या झाल्या तरी चालतील.