दातांचे टायटॅनियम इम्प्लांट लाळेत गंजते का?

“डॉक्टर, युरोपात टायटॅनियमवर बंदी आली म्हणतात. माझ्या तोंडात त्याचेच दोन स्क्रू आहेत. काढून टाकू का?” दवाखान्यात हा प्रश्न मला अधूनमधून ऐकू येतो. सोबत बहुतेक वेळा मोबाइलवर आलेला मेसेज असतो.

बंदी नेमकी कशावर?

युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड (ई १७१) हा पांढरा रंग खाद्यपदार्थांत वापरायला मनाई केली. हे बारीक कण पोटात गेल्यास पेशींतील डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सांगितले होते. ही बंदी इम्प्लांटवर नाही.

तरीही प्रश्न अगदीच गैर नाही. इम्प्लांटवरही याच ऑक्साइडचा थर असतो आणि त्याचे कण काही प्रमाणात सुटतात.

थर टिकतो कसा, बिघडतो कशाने?

हवा लागताच टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. तोच धातूला गंजण्यापासून वाचवतो. ओरखडा पडला तर तो क्षणार्धात पुन्हा तयार होतो. साध्या लाळेत तो चांगला टिकतो.

घासणे आणि आम्ल एकत्र आले की अडचण होते:

- इम्प्लांटभोवती साचलेल्या किटणातील जंतू आम्ल तयार करतात.
- रात्री दात खाण्याच्या सवयीमुळे किंवा स्क्रू सैल झाल्याने जोडावर सतत सूक्ष्म हालचाल होते.
- जास्त फ्लोराइड असलेली आम्लयुक्त जेल थराला इजा करते.
- स्टीलच्या हत्याराने खरवडल्यास कण सुटतात.

बहुतेक इम्प्लांट शुद्ध टायटॅनियमचे असतात. काही इम्प्लांट आणि वरचे सुटे भाग सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूचे असतात. तो अधिक मजबूत असतो, पण झिजला तर हे धातूही थोडे बाहेर पडतात.

कण सापडले, म्हणजे आजार त्यांनीच केला?

इम्प्लांटभोवतीच्या हिरड्यांत टायटॅनियमचे कण आढळले आहेत आणि सूज असलेल्या जागी ते जास्त दिसतात. पण कणांमुळे सूज आली, की सूज व साफसफाई यांमुळे कण सुटले, हे ठरलेले नाही. अमेरिका आणि युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये घेतलेल्या जागतिक कार्यशाळेने कणांची भूमिका ठरवायला पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. किटण मात्र नक्की दोषी ठरले. टायटॅनियमची ॲलर्जी होऊ शकते, पण ती दुर्मीळ आहे.

मग करायचे काय?

चांगले बसलेले इम्प्लांट भीतीपोटी काढू नका. ते काढताना भोवतीचे हाडही जाते. त्याऐवजी:

- साधी फ्लोराइड टूथपेस्ट चालू ठेवा. दवाखान्यात फ्लोराइड जेल लावणार असतील, तर इम्प्लांट असल्याचे आधी सांगा.
- इम्प्लांटभोवती रोज ब्रश आणि फटीतला छोटा ब्रश फिरवा.
- दर सहा महिन्यांनी, किंवा तुमचे दंतवैद्य सांगतील तसे, तपासून घ्या.
- तंबाखू, मिश्री, सिगारेट सोडा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.
- इम्प्लांटची कंपनी व बॅच क्रमांक असलेले कार्ड मागून जपून ठेवा.

हिरडीतून रक्त किंवा पू येणे, तोंडाला धातूसारखी चव राहणे, वरचा दात हलणे यांपैकी काही दिसले तर लगेच दंतवैद्यांकडे जा. दुखण्याची वाट पाहू नका. माझ्याकडे साखरेच्या तपासणीला येणाऱ्या एका काकूंच्या हिरडीतून कित्येक महिने रक्त येत होते. खोट्या दाताला कीड लागत नाही, म्हणून त्या निर्धास्त होत्या. दंतवैद्यांनी एक्स-रे काढला तेव्हा इम्प्लांट शाबूत होते, पण त्याच्याभोवतीचे हाड निम्मे गेले होते.