नऊ आठवड्यांचा हिशेब

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाचा राजेंद्रनगराहून माझ्याकडे आला. चहा होईपर्यंत इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "मामा, फेब्रुवारीतल्या मॅरेथॉनला नाव दिलं आहे. पुरे बेचाळीस किलोमीटर. नऊ आठवडे हातात आहेत. तुम्ही माझी तयारी करून घ्या."

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की, माझे सारे आयुष्य शाळेत व्यायामशिक्षक म्हणून गेले. तेव्हा अशी विनंती ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण भाच्याची दिनचर्या मी जाणून होतो. दिवसभर खुर्चीवरचे काम, रात्री उशिराचे जेवण आणि फार तर शतपावली. मी त्याला "विचार करून सांगतो" एवढेच म्हटले.

संध्याकाळी त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू त्याला नाही म्हण. तुझंच तो ऐकेल." थोडे थांबून ती म्हणाली, "हे सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. रथसप्तमीच्या सुमारास त्यालाही सत्तेचाळीस पुरी होतात." माझे मेव्हणे हृदयविकाराने अचानक गेले, तेव्हा हा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याला ही शर्यत कोणाशी लावायची होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. अशा माणसाला नुसते 'नको' म्हणून भागत नाही.

मी त्याला होकार दिला. पण पहिली अट अशी घातली की, वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय एक पाऊलही धावायचे नाही. चाळिशी उलटलेल्या आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माणसाने ही अट स्वतःच स्वतःला घालावी. रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी आणि चालत्या पट्ट्यावरील हृदयाची परीक्षा, सारे यथास्थित निघाले. ताईचा जीव अर्धा भांड्यात पडला.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नवख्याने आठवड्याच्या एकूण अंतरात दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढ करू नये, असा व्यवहारातला एक जुना नियम आहे. तो काही दगडावरची रेघ नव्हे, परंतु बहुतेकांना तो सांभाळून नेतो. पहिल्या आठवड्यात चालणे-धावणे मिळून २० किलोमीटर धरले, तर दुसऱ्यात २२, तिसऱ्यात सुमारे २४, असे करता करता नवव्या आठवड्यात आकडा येतो ४३. भाचा खूश झाला. म्हणाला, "म्हणजे बरोबर बसतंय की!" मी म्हटले, "बाबा रे, हे त्रेचाळीस अख्ख्या आठवड्याचे आहेत. तुला ते एका सकाळी धावायचे आहेत."

दुसरा हिशेब इंधनाचा. धावताना माणसाला दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक उष्मांक लागतो. पासष्ट किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी सुमारे २,७०० उष्मांक हवेत. स्नायूंत आणि यकृतात पिष्टमय पदार्थांपासून साठवलेली जी तयार शिदोरी असते, ती साधारण २,००० उष्मांकांची. म्हणूनच तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय एकाएकी शिशाचे होतात. पुढचे अंतर चरबी जाळून काटायला शरीराला शिकवावे लागते, आणि ही शिकवणी आठवड्यातून एकदाच्या लांब, संथ धावण्याने कित्येक महिन्यांत पुरी होते. मॅरेथॉनच्या तयारीला सोळा ते वीस आठवडे सांगतात ते यासाठी. आणि तेही ज्याला आधीपासून धावण्याचा सराव आहे त्याला.

भाच्याने हे सारे निमूटपणे ऐकले आणि माझेच शस्त्र माझ्यावर उगारले. "मामा, लहानपणी तुम्हीच चौगुल्यांची गोष्ट सांगायचात. त्यांनी कुठे आठवडे मोजले होते?"

गोष्ट खरीच आहे. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक गडी शेतकरी होते आणि ते अनवाणी धावले, अशी आठवण दोराबजींनी पुढे लिहून ठेवली आहे. शास्त्रोक्त शिक्षणाचा गंध नसताना त्यांनी दिलेल्या वेळा पाहून दोराबजींनी ऑलिंपिकला हिंदी संघ धाडण्याचे मनावर घेतले. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९२० रोजी, बेल्जियममधील अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनला उभे राहिले. त्या वर्षी अंतर नेहमीहून अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले; चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे. दातारांना मात्र शर्यत पुरी करता आली नाही.

"यातून काय घ्यायचं?" मी भाच्याला विचारले. "त्यांना सवड थोडी मिळाली, ती स्पर्धेचे तंत्र शिकायला. पाय काही एका वर्षात घडलेले नव्हते. तुझ्यापाशी बूट उत्तम आहेत, मनगटावर घड्याळ उत्तम आहे. पाय अजून घडायचे आहेत."

येथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे; ती मी भाच्यालाही प्रथमच सांगितली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आंतरशालेय स्पर्धेसाठी मला एक धावपटू कमी पडत होता. नववीतला एक काटक, आज्ञाधारक मुलगा मी ऐन वेळी निवडला आणि तीन आठवडे त्याला सकाळ-संध्याकाळ पळवले. तिसऱ्या आठवड्यात तो नडगी दुखते म्हणाला. मी तेल लावायला सांगितले आणि "मन खंबीर ठेव" म्हणालो. तो शर्यत धावला, तिसरा आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाय टेकवेना. हाड चिरले होते. तो बरा झाला, पण पुन्हा मैदानावर आला नाही. भेटला की आजही वाकून नमस्कार करतो, आणि मला मान वर करवत नाही.

तेव्हा जे मला ठाऊक नव्हते ते असे. श्वास लवकर तयार होतो. तीन-चार आठवड्यांत दम वाढल्याचे जाणवते. स्नायूंना त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. कंडरा आणि हाडे मात्र सर्वांत मागून येतात. नव्या भाराची जाणीव झाली की हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग त्या जागी नवा भरते. हे काम पुरे व्हायला तीन-चार महिने जातात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षाही हळवे असते. म्हणजे नेमका जेव्हा दम साथ देऊ लागतो आणि उत्साह वाढतो, तेव्हाच हाड बेसावध असते. थोडक्या दिवसांच्या तयारीतला खरा धोका हाच.

आम्ही सुरुवात केली. पहाटे लालबागच्या बाजूला तो धावे, मी सायकलवरून मागे. पाच मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे. बोलता येईल इतक्याच वेगाने. चौथ्या आठवड्यात त्याचा चेहरा उजळला. पाचव्या आठवड्यातील रविवारी मी भोपाळला लग्नाला गेलो असता हा गृहस्थ एकटाच खंडवा रोडने बिलावली तलावाच्याही पुढे गेला आणि २४ किलोमीटर धावून आला. मंगळवारी नडगी दुखू लागली. "कुठे?" असे विचारताच त्याने एक बोट नेमक्या एका जागी ठेवले.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. दुखणे तळहाताएवढ्या जागेत पसरलेले असेल तर बहुधा विश्रांतीने उतरते. पण एका बोटाने दाखवता येते, दाबल्यास तेथेच कळ येते आणि रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकते, तर धावणे त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञाकडे जावे. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात चीर अनेकदा दिसतच नाही, म्हणून 'चित्र स्वच्छ आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

डॉक्टरांनी सांगितले, हाड अजून चिरलेले नाही, पण त्या वाटेवर आहे. सहा आठवडे धावणे नाही. भाचा घरी येऊन बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील, याचं काही वाटत नाही, मामा. पण त्या वयाच्या पुढे मी धावत जाणार होतो." मी काहीच बोललो नाही. त्याला उत्तर ताईने दिले. "अरे, तुझे बाबा धावले नाहीत म्हणून गेले नाहीत. छातीत दुखतं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, म्हणून गेले. तू दुखलं तसं सांगितलंस. मला तेवढं पुरे."

रथसप्तमी आली आणि गेली. शर्यतीच्या सकाळी आम्ही तिघे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. भाच्याने सोललेल्या संत्र्यांची टोपली आणली होती. अखेरच्या टप्प्यातले धावपटू येऊ लागले. कोणी सहज, कोणी लंगडत. लंगडणाऱ्यांकडे तो फार निरखून पाहत होता. परतताना त्याने विचारले, "पुढच्या शर्यतीला किती आठवडे?" मी म्हटले, "बावन्न. त्यातले पहिले काही नुसते चालण्याचे."

आता तो चालतो आहे. परवा ताईला सहज विचारले, कसे काय चालले आहे? ती म्हणाली, "दादा, धावण्याचं मला कळत नाही. पण हल्ली तो आठला जेवतो, दहाला झोपतो आणि सकाळी मला हाक मारून मगच बाहेर पडतो."