मेलेला वानर काय सांगतो?

फाल्गुन सरू लागला की सत्तरी, डिचोली, सांगे या भागांतील डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकू लागतात आणि घरेच्या घरे पहाटेपासून बागायतीत उतरतात. बोंडे वेचायची, बिया सोडवायच्या, रस भट्टीकडे पोचवायचा, अशी घाई मे महिन्यापर्यंत चालते. वर्षभराच्या खर्चाची तोंडमिळवणी याच दोन-तीन महिन्यांत करायची असते. परंतु 2015 सालापासून या लगबगीत एक धास्ती शिरली आहे. त्या वर्षी सत्तरी तालुक्यातील पाली गावात काजूच्या बागांत राबणारी माणसे एका विचित्र तापाने अंथरुणाला खिळली. चौकशीअंती तो क्यासनूर अरण्यज्वर, म्हणजे लोकांच्या भाषेतला माकडताप, ठरला. लगेच पुढच्या वर्षी शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातही त्याने डोके वर काढले. सह्याद्रीच्या एकाच पदरात नांदणारी ही गावे. त्यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे, ती माणसांच्या नकाशावर. रोगाच्या नकाशावर ती नाही.

या रोगाचे कारण विज्ञानाला अज्ञात आहे काय? मुळीच नाही, आणि आमच्या मते हीच खेदाची गोष्ट आहे. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाचे अरण्य आहे. 1957 साली तेथे वानर आणि माकडे पटापट मरून पडू लागली आणि पाठोपाठ भोवतालच्या खेड्यांतील माणसे तापाने फणफणू लागली. पुण्यास 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. तेथील डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी क्यासनूरला धावले. त्यांच्या मनातली पहिली शंका भयंकर होती. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वराने अशीच माकडे मरतात. तो रोग भारतात कधीही शिरलेला नव्हता. डासांनी गजबजलेल्या या देशात तो शिरला असता तर काय अनर्थ ओढवला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

तपासणीत पीतज्वर आढळला नाही. वेगळा करून पाहिलेला विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला, आणि त्या कुळातील विषाणू गोचिडांमार्फत पसरतात हे ठाऊक होते. संशोधकांचे लक्ष डासांवरून जमिनीवरच्या पाचोळ्याकडे वळले आणि हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडापर्यंत माग लागला. मग प्रश्न आला, उत्तरेकडचा हा भाऊबंद मलनाडात पोचला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तो आणला असावा, असा एक तर्क निघाला. त्याच्या पडताळणीसाठी मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाने डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढला. त्यातून पक्ष्यांविषयी पुष्कळ ज्ञान मिळाले, पण रोग त्यांनी आणला हे सिद्ध झाले नाही. तर्क मोहक आहे म्हणून त्याला सत्य म्हणावयाचे नाही, ही शिस्त या संशोधनात पाळली गेली. त्यासाठी दिलेली किंमतही थोडी नव्हती; या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतील अनेक जण स्वतःच या तापाने आजारी पडले.

एवढ्या सायासांनी जे कळले ते थोडक्यात असे. रानातील उंदीर, चिचुंदऱ्या यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडांत हा विषाणू मुकाट्याने वावरत असतो. काळतोंड्या वानरांना आणि तांबडतोंड्या माकडांना मात्र तो मारतो. वानर मेला की त्याच्या अंगावरची गोचिडे खाली उतरतात आणि ती जागा विषाणूने भरलेली होऊन बसते. पुढे तेथून जाणाऱ्या माणसाला गोचिडाचे पिलू चावते. ते इतके बारीक असते की चावल्याचे कळतही नाही. या पिलांचा सुकाळ पावसाळा संपल्यानंतर, मुख्यतः जानेवारीपासून मेपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या काजूचा हंगाम! चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप भरतो, डोके फुटू पाहते, अंग ठेचल्यासारखे दुखते, काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. काहींचा ताप उतरून पुन्हा उलटतो आणि मेंदूवर परिणाम करतो. शंभरांतील तीन ते पाच रोगी दगावतात. यावर रामबाण औषध नाही. वेळेवर इस्पितळ गाठणे आणि तेथे नीट शुश्रूषा होणे हाच उपाय. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. तेव्हा रोग्याच्या घरावर बहिष्कार घालण्यात शहाणपण नाही आणि माणुसकी तर नाहीच.

माकडताप हे नावच मुळी अन्यायकारक आहे. माकड हे या रोगाचे पहिले भक्ष्य, आणि माणसाला मिळणारी पहिली सूचनाही तेच देते. ते अपराधी नव्हे. वानर दिसला की त्याला मारावे वा विष घालावे, असे म्हणणारे रोग आवरत नाहीत, धोक्याची घंटा तेवढी फोडतात. दुसरीकडे आमच्या गावांत मेलेल्या वानराला मारुतीचे रूप मानून, हार घालून, श्रद्धेने मूठमाती देण्याची रीत आहे. या श्रद्धेचा आम्ही आदरच करतो. परंतु त्या कलेवराभोवती गोचिडे दबा धरून असतात. म्हणून हात लावण्यापूर्वी आरोग्य केंद्राला वर्दी द्यावी, आणि माणसे येऊन तपासणी करीपर्यंत मुलाबाळांना व गुरांना तेथून दूर ठेवावे. चार तास उशिरा मिळालेल्या मूठमातीने मारुतीराया कोपणार नाही.

वानरांपेक्षा माणसाच्या करणीकडे बोट दाखवणारी एक घटना सांगावयाची आहे. 1982-83 च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी भागात राखीव जंगल तोडून तेथे काजूची लागवड करण्याचे काम निघाले. त्यानंतर उसळलेल्या साथीत हजाराहून अधिक माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. अरण्याच्या पोटात कोंडलेले चक्र कुऱ्हाडीने उघडे केले, गुरे आणि मजूर त्या तोडलेल्या कडेवर नेऊन सोडले. गोचिडांना आणखी काय हवे? सह्याद्रीचा उतार पोखरताना विकासाचा जो हिशेब मांडला जातो, त्यात या खर्चाचा रकाना आम्हांस अजून आढळलेला नाही.

काही जण म्हणतील, हिवताप आणि क्षय यांच्यापुढे या रोगाचे रोगी ते किती? शिवाय बोभाटा झाला तर मजूर बागेत येणार नाहीत आणि पीक झाडाखाली कुजेल. बागायतदाराची ही भीती खोटी नाही. परंतु आजार लपवल्याने मजूर टिकतो, हे आम्हांस मान्य नाही. पहिला रोगी दगावला की भीती दसपट होऊन परत येते. आणि संख्येचेच म्हणाल, तर ज्या घरातील मिळवता माणूस ऐन हंगामात जातो त्या घराला शेकडेवारी सांगून समजूत घालता येत नाही.

लशीच्या आघाडीवर तर पीछेहाट झाली आहे. कर्नाटकात 1990 सालापासून एक लस वापरात होती. 2005 ते 2010 या काळातील अभ्यासात तिच्या दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि पुढच्या जादा मात्रेने सुमारे 83 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. पुढे तिची परिणामकारकता घसरली आणि तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्या रोगाचे कारण 1957 साली सापडले, त्याची जुनी लस मावळण्यापूर्वी नवी तयार असू नये, यातच सारे आले. हा रोग शहरातील बंगल्यांत शिरत असता तर इतका अवधी लागला असता काय?

तोवर जे करावयाचे ते अवघड नाही. वनखाते, पशुसंवर्धन खाते आणि आरोग्यखाते यांनी मेलेल्या वानराची खबर एकमेकांना त्याच दिवशी द्यावी. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या शेजाऱ्यांनीही ती परस्परांना कळवावी. गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल हंगामाच्या तोंडावर वाड्यावाड्यांत पोचावे, साथ उसळल्यानंतर नव्हे. बागायतदारांनी मजुरांना अंगभर कपडे आणि बूट द्यावेत, आणि अनवाणी पायांनी पाचोळा तुडवण्याची सक्ती करू नये. मजुरांनीही पाचोळ्यावर बसणे टाळावे, घरी परतताच गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करावी, अंगावरचे कपडे गरम पाण्यात टाकावेत. ताप आल्यास बागेत गेल्याचे डॉक्टरला आपणहून सांगावे. आणि रोजंदारीवरचा माणूस आजारी पडला तर त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार सरकारने करावा. एरवी ताप अंगावर काढण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

संशोधकांनी आपला जीव धोक्यात घालून कारण शोधले. ते ग्रंथालयातील कपाटात सुरक्षित आहे. काजूच्या झाडाखाली वाकलेल्या बाईपर्यंत ते पोचलेले नाही, आणि ते पोचवण्याचे काम प्रयोगशाळेचे नव्हे. ते सरकारचे, पंचायतींचे आणि आपणा सर्वांचे आहे. रानात वानर मरून पडतो तेव्हा तो आम्हांला थोडी सवड देऊन गेलेला असतो. ती सवड आम्ही वाया घालवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.